चंपाला दाखवणारा माणूस हवा: इंदूर ते सारंगखेडा, तीन दिवस

गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाऊन आले. घोडा घ्यायला नाही आणि विकायलाही नाही, माझ्या चंपा या पोनीला स्पर्धेत पंचांसमोर फिरवून दाखवणारा माणूस शोधायला. घरात पोनी आहेत पण स्पर्धेत फिरवायला स्वतःचं अंग साथ देत नाही, अशा आमच्यासारख्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

दोन वर्षांपूर्वी माझा उजवा गुडघा बदलला. डॉक्टरांनी खोगीर बंद केलं. चंपा आणि राघू, माझ्या दोन्ही पोनी, तेव्हापासून हातोद रस्त्यावरच्या दिरांच्या शेतात चरून चरून गोल झाले. दोघंही बुटके, चंपा ५५ इंच, राघू ५७. स्पर्धेत १४८ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे साधारण ५८ इंचांपर्यंत पोनी धरतात, त्यावर घोडा. चंपाची ठेवण देखणी आहे, दुडकी तर अशी की पाठीवर बसून चहा प्यावा. ती नुसती चरत राहावी हे मनाला पटेना.

आधी अर्थातच इंदुरातच शोधलं. वरातीच्या घोडीवाल्यांना मार्गशीर्षात बोलायलाही फुरसत नसते, आणि त्यांची घोडी ढोलावर नाचायला शिकलेली असते, पंचांसमोर गप उभं राहायला नाही. मग रायडिंग क्लास पाहिले. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करून घेण्याच्या प्रकारातल्या, सांघिक सुवर्णपदकात आपली इंदूरची सुदीप्ती हजेला होती, ४१ वर्षांनी भारताला घोडेस्वारीत सुवर्ण मिळालं, तेव्हापासून आमच्या राजेंद्रनगरातल्या आयासुद्धा हेल्मेटच्या किमती विचारू लागल्यात. शिकवणारे चांगले आहेत. पण तुमची पोनी आमच्याकडे ठेवा, महिन्याचे अमुक द्या, म्हणजे बघू, असं उत्तर. पोनी त्यांच्या तबेल्यात आणि मी घरी, हे मला नको होतं. घोडं पेंड खातं ते इथे.

दीर म्हणाले, "वहिनी, सारंगखेड्याला चला. तिथे घोड्यांपेक्षा घोड्यांची माणसं जास्त असतात."

आता कागदपत्रं, कारण यातच लोक अडकतात. घोड्याला ग्लँडर्स नाही असा तपासणीचा दाखला आधी काढा. हा रोग माणसालाही होतो, जनावराला उपचार नाही, नमुना पॉझिटिव्ह आला तर जनावर मारावंच लागतं, म्हणून बाजारात विचारतात आणि विचारायलाच हवं. रक्ताचा नमुना सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच जातो. आमचा निकाल यायला नऊ दिवस लागले, तेव्हा महिनाभर आधी हलवाहलव सुरू करा. प्रवासासाठी पशुवैद्यांचा आरोग्य दाखला वेगळा, तोही गाडीत हाताशी ठेवा. सेंधव्याच्या नाक्यावर आम्हाला दोन्ही काढून दाखवावे लागले.

चंपाला पिकअपमधून नेलं. खाली रबरी चटई, तिच्यावर भाताचा पेंढा, बाजूंना जुन्या गाद्या. मोरखीची, म्हणजे तोंडावरच्या बांधणीची, दोरी इतकीच लांब की मान खाली घालता यावी पण पाय अडकू नये. ड्रायव्हर पहिल्यांदाच घोडा नेत होता. मानपूरच्या पुढच्या उतारावर त्याने दोनदा कचकन ब्रेक दाबला आणि मागून चंपाचे खुर फळीवर आपटल्याचा आवाज आला. खाली उतरून त्याला म्हटलं, "भिया, पाण्याने भरलेली कळशी मागे ठेवली आहे असं समज." त्यानंतर नीट चालवलं. खलघाटला नर्मदेच्या पुलापाशी अर्धा तास थांबलो, पाणी पाजलं. सेंधव्यापासून हमरस्ता सोडून निवाली, पानसेमल, खेतिया, शहादा असं गेलो. अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर अंतर, घोड्यासकट आठ तास. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, आणि गवत तीन दिवसांचं घरून न्या. तिथे विकत मिळतं, पण अचानक चारा बदलला की पोटशूळ उठतो, आणि जत्रेत रात्री दोन वाजता डॉक्टर शोधणं काय असतं ते मी शेजारच्या दावणीला पाहिलं.

सारंगखेडा तापीकाठी आहे. एकमुखी दत्ताचं देऊळ, त्याची यात्रा, आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार. नुकरे, अबलख, कुमेत, पंचकल्याणी, अशा नाना रंगा-खुणांच्या घोड्यांच्या मैलभर नुसत्या दावणी. घेणारे आधी दात बघतात, मग अंगावरचे केसांचे भोवरे. गळ्यावर देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, असेल तर भाव तिथेच चढतो. अदंत (पक्के दात न आलेला), दोन दात, चार दात हे शब्द कानावर पडत राहतात. पुढचे पक्के दात अडीच वर्षांच्या सुमारास येतात, मग वर्षावर्षाने पुढची जोडी, त्यावरून वय. चंपापाशी मात्र लोक येत, वरून खाली बघत आणि "हे पोरांसाठी का?" म्हणून पुढे जात. तिथे ६४ इंचांखाली कोणी बोलत नाही. आणखी एक, मला कोणी काही विचारत नव्हतं. घोडी कोणाची, किंमत काय, सगळं दिरांना. त्यांनी प्रत्येक वेळी माझ्याकडे बोट दाखवायचं आणि समोरच्याने तरी त्यांच्याशीच बोलायचं.

पहिला माणूस दुपारी भेटला. रुबाबदार, फेटा, घोडा ढोलावर दोन पायांवर उभा करत होता, भोवती दोनशे लोक. बोलणी जवळजवळ झालीच होती. मी सहज घोड्याच्या तोंडाशी गेले तर ओठाच्या कोपऱ्यात फेसात लाल रेघ. लगाम हातात घेतला, आतून काटेरी. त्याला कायद्याची बंदी आहे, १९६५ च्या नियमांपासून, पण ते सोडा. माणूस निवडायचा असेल तर त्याचा खेळ संपल्यावर घोड्याचं तोंड बघा, आणि खोगीर काढल्यावर पाठीवरून हात फिरवा. घोडा कातडी थरथरवून पाठ खाली दाबत असेल तर निघा.

दुसरा तरुण होता, मांड पक्की, हात हलके. मला आवडला. पण वजन ७८ किलो. आम्ही शिवणाची टेप काढली. पुढच्या पायांमागून छातीचा घेर १५० सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १३०. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ११,८८० केलं की किलोत अंदाजे वजन मिळतं. चंपा २४६ किलो निघाली. खोगिरासकट स्वार तिच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जड नको, म्हणजे ४९ किलो. खोगीर ७ किलोचं. उरले ४२. तो तरुण हसला आणि म्हणाला, "काकू, मग शाळेतली पोर शोधा." बरोबरच होतं त्याचं. पोनीसाठी माणूस शोधताना मी हा हिशेब घरीच करायला हवा होता, तापीकाठी जाऊन नव्हे. त्या क्षणी ठरलं की एक नाही, दोन माणसं लागणार. हातात धरून दाखवणारा एक, वर बसणारी दुसरी.

तिसरा माणूस मी शोधला नाही. थंडीने झोप लागेना म्हणून पहाटे साडेचारला चहाच्या आशेने उठले. सगळ्या दावणी घोंगड्यांखाली झोपलेल्या. एकटा पन्नाशीचा माणूस मोबाइलच्या उजेडात एका घोडीचा मागचा पाय मांडीवर घेऊन खूर साफ करत होता. साफ झाल्यावर त्याने नडगीवरून तळव्याने खाली हात फिरवला, गरम लागतं का ते बघत, मग दुसऱ्या पायाशी तुलना केली. कोणी बघत नव्हतं. तो एका व्यापाऱ्याचा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, होता, व्यापाऱ्याचा माल आदल्या दिवशी विकला गेला होता आणि ही शेवटची घोडी नवा मालक सकाळी नेणार होता. जाणाऱ्या घोडीचे खूर कोण साफ करतं?

उजाडल्यावर चंपा त्याच्या हातात दिली. त्याने पहिली पाच मिनिटं तिला हातच लावला नाही, पालथा पंजा पुढे धरून उभा राहिला. मग चार पावलं नेऊन उभं केलं. चारही पाय सरळ, दोरी सैल, मधे झोळ. पळवली तेव्हा पुढून ओढली नाही, तिच्या खांद्याशी खांदा लावून पळाला, त्यामुळे बघणाऱ्याला घोडी दिसली, माणूस नाही. आणि त्याचा पहिला प्रश्न पैशांचा नव्हता.

"ताई, हिला हरभरा किती घालता? पोट सुटलंय."

तीन दिवसांत मला ताई म्हणणारा पहिला.

व्यवहार वहीच्या पानावर लिहून घेतला, तुम्हीही घ्या. रोजाचे आठशे, जेवण आणि प्रवास आमचा, स्पर्धेच्या दिवशी दुप्पट. बक्षिसाची रक्कम निम्मी त्याची, ढाल आमची. घोडी लंगडली तर फिरवायची नाही हे त्याने एकट्याने ठरवायचं, मला विचारायचं नाही. हे कलम त्यानेच घालायला लावलं. घोडीला दुखापत झाली तर खर्च मालकाचा, पण त्याला घोडीने लाथ मारली तर? यावर दीर घुटमळले. मी अपघात विमा काढते म्हणाले आणि परतल्यावर काढला.

स्वार म्हणून शेजारची चौदा वर्षांची मुलगी तयार झाली आहे. ३९ किलो, क्लासला दोन वर्षं जाते. आईची लेखी संमती, स्वतःचं हेल्मेट, आणि पहिले दोन महिने तिच्या सरांच्या देखरेखीखालीच बसायचं, या अटी. वर्षभरात ती वाढेल आणि पुन्हा शोध सुरू होईल हे माहीत आहे. पोनीचं हे असतंच.

परतीला तो मागे चंपापाशीच बसला, पुढे ये म्हटलं तरी आला नाही. रात्री साडेनऊला शेतावर पोचलो. मी त्याला खोली दाखवत होते, तो गंजीकडे गेला. मूठभर गवत उपसून नाकाशी धरलं, आणखी आतून उपसलं, पुन्हा वास घेतला, आणि अर्धी गंज बाजूला काढायला सुरुवात केली. दीर कंदील धरून उभे.

"आजच का?" त्यांनी विचारलं.

"आज ती खाईल ना," तो म्हणाला.