दोन मित्रजीव, एकच गादीवाफा

वळिवाचे दोन पाऊस झाले की करवीर तालुक्यातील आमच्या गावात आल्याच्या बेण्याची बोलणी सुरू होतात आणि त्यासोबत पिकाला मातीतील रोगांपासून वाचवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन सूक्ष्मजीवांविषयी एक प्रश्न दरवर्षी माझ्याकडे येतो. "दादा, ट्रायकोडर्मा आणि स्यूडोमोनास एकाच बॅरलमध्ये कालवले तर चालेल का?" मी शिवाजी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकून पुन्हा शेतीत उतरल्यामुळे माझ्याकडे तयार उत्तर असेल असे सर्वांना वाटते. पूर्वी मी "चालेल की" म्हणून मोकळा होत असे. आता तसे म्हणत नाही.

दोघांना एकत्र आणण्यामागील विचार पक्का आहे, कारण त्यांच्या कामाच्या जागा आणि रीती वेगळ्या आहेत. ट्रायकोडर्मा ही बुरशी रोगकारक बुरशीच्या तंतूंभोवती वेटोळे घालते आणि विकरे सोडून त्यांची भित्तिका विरघळवते. 1932 मध्ये वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने रायझोक्टोनिया या रोगकारक बुरशीवर ती असेच जगते हे दाखवून दिले होते. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू मात्र मुळांच्या पृष्ठभागावर झपाट्याने वस्ती करतो, लोह बांधून ठेवणारे सिडेरोफोर आणि बुरशीरोधक द्रव्ये सोडतो आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतो. आमच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत मुळांना लागणारे विद्राव्य लोह मुळातच कमी असते, म्हणून लोहावरची ही ओढाताण येथे विशेष महत्त्वाची ठरते. ट्रायकोडर्मा शेणखतासारख्या सेंद्रिय पदार्थावर टिकून राहतो आणि त्याला किंचित आम्ल जमीन अधिक मानवते, तर स्यूडोमोनासला उदासीन ते थोडी विम्ल जमीन चालते. त्यामुळे एक कमी पडला तर दुसरा उभा राहण्याची शक्यता असते.

अडचण अशी की जिवाणूची बुरशीरोधक द्रव्ये शत्रुबुरशी आणि मित्रबुरशी यांच्यात भेद करत नाहीत, आणि तो लोह अडवतो तेव्हा ट्रायकोडर्माचीही उपासमार होऊ शकते. उलट बाजूनेही, ट्रायकोडर्माच्या काही जाती बॅसिलससारख्या जिवाणूंना मारक ठरणारी प्रथिनसदृश द्रव्ये सोडतात. म्हणजे "ट्रायकोडर्मा आणि स्यूडोमोनास जमतात का" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या वाणाचा ट्रायकोडर्मा आणि कोणत्या वाणाचा स्यूडोमोनास, हे विचारायला हवे.

गेल्या वर्षी एका मित्राच्या प्रयोगशाळेत मी बाजारातील काही पुड्या घेऊन ही तपासणी केली. बटाटा-डेक्स्ट्रोज अगार या पोषक माध्यमाच्या बशीत एका कडेला जिवाणूची रेघ ओढली आणि समोर बुरशीची चकती ठेवली. एका जोडीत हिरवी बुरशी सात दिवसांत सरळ रेघेपर्यंत पोहोचली. दुसऱ्या जोडीत ती मध्येच थबकली आणि दोघांमध्ये स्वच्छ पट्टा राहिला. बशीतील भरपूर अन्नावर ही द्रव्ये जितकी तयार होतात तितकी मातीत होतीलच असे नाही, हे मान्य आहे. तरीही अशी जोडी एकाच पाण्यात कालवणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

म्हणून आता मी दोघांची कामे वाटून देतो. ट्रायकोडर्मा लागणीपूर्वी पंधरा दिवस ओलसर, कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत गोणपाटाखाली ठेवतो, मधून मधून खालीवर करतो आणि नंतर गादीवाफ्यात पसरतो. स्यूडोमोनासचे द्रावण बेण्याला लावतो आणि पुढे मुळांजवळ आळवणी करतो. गुळाचा जिल्हा असल्यामुळे प्रत्येकाच्या बॅरलमध्ये मूठभर गूळ पडतोच. परंतु स्यूडोमोनासला प्राणवायू लागतो, आणि न ढवळता झाकून ठेवलेल्या गुळपाण्यात बहुधा यीस्ट व इतर उपटसुंभ जिवाणूच माजतात. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी ट्रायकोडर्माला आणि ताम्रयुक्त औषध स्यूडोमोनासला मारक ठरते, हेही बऱ्याचदा विसरले जाते.

सगळ्यात मोठी फसगत मात्र रोग ओळखण्यातच होते. जुलैच्या पावसात पाने पिवळी पडून कंद लिबलिबीत झाला की सगळे त्याला कंदकूज म्हणतात. पिथियम या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे झालेल्या कुजीवर वरील उपाय प्रतिबंध म्हणून उपयोगी पडतात. पिथियम ही खरी बुरशी नसून तिची भित्तिका मुख्यतः ग्लुकान आणि सेल्युलोजची असते, पण ट्रायकोडर्माकडे त्यांवर चालणारी विकरेही असतात. राल्स्टोनियामुळे येणाऱ्या जिवाणूजन्य मर रोगावर मात्र अशा पुड्यांवर विसंबता येत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्याच शेतात मी तो कंदकूज समजून तीन आठवडे आळवण्या करत बसलो होतो. अखेर खोडाचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरला, तेव्हा काही मिनिटांत दुधाळ धार खाली उतरली; ही जिवाणूजन्य मर रोगाची खूण. तोवर शेजारचे चार वाफे हातचे गेले होते.