बाटलीला चिकटलेली पुस्तिका

अमेरिकेत तणनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर एक वाक्य छापलेलं असतं: लेबलात सांगितल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने हे औषध वापरणं हा केंद्रीय कायद्याचा भंग आहे. १९७२ साली इथल्या कीटकनाशक कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून हे असंच आहे. शेकडो एकरवाल्या शेतकऱ्याला हा नियम लागू आहे आणि घरामागच्या अंगणात फवारणाऱ्या मलाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडलोच. माझं अंगण, माझी हिरवळ, आणि सरकार मला सांगणार औषध किती घालायचं?

पण बाटलीच्या पाठीला चिकटवलेली घडीची पुस्तिका सोडवून नीट वाचली आणि चीड गेली. कारण प्रत्येक अटीमागे कारण आहे. हिरवळीत टू-फोर-डी, डायकांबा यांसारखी निवडक औषधं चालतात; ती रुंद पानाचं तण मारतात आणि गवत सोडतात. ग्लायफोसेट तसा भेद करत नाही, हिरव्या पानावर पडलं की तेही जातं आणि हिरवळही. फवारणीच्या आधी-नंतर एक-दोन दिवस गवत कापायचं नाही, कारण औषध घ्यायला पान हवं आणि ते मुळापर्यंत उतरायला वेळ हवा. 'अजून जरा घालू, लवकर मरेल' ही आपली सवय तर इथे उलटीच पडते: जास्त तीव्र औषधाने पान आधीच करपतं, मूळ शाबूत राहतं आणि तण पुन्हा वर येतं. डँडेलियन या पिवळ्या फुलाच्या, सोटमुळाच्या तणावर फवारणी शरद ऋतूत करतात, कारण तेव्हा ते झाड पानातलं अन्न मुळाकडे पाठवत असतं आणि त्याबरोबर औषधही खाली जातं.

सगळ्यात जास्त पटलं ते वाऱ्याचं कलम. शेजारचे गृहस्थ फवारायच्या आधी कुंपणापाशी येऊन सांगून जातात, कारण पलीकडे माझी टोमॅटोची रोपं आहेत. टू-फोर-डीचा नुसता तुषार गेला तरी टोमॅटोचा शेंडा पिळवटतो, नवी पानं अरुंद होऊन मुरडतात. उन्हाच्या कडाक्यात यातली काही औषधं फवारल्यावरही वाफ होऊन सरकतात, म्हणून लेबलात तापमानाचीही मर्यादा दिलेली असते. ते ती पाळतात, मीही पाळतो.

आता आपल्याकडचं. आपला शेतकरी निष्काळजी आहे असं इथे कुणी म्हटलं की मला राग येतो, आणि तो रास्त आहे. डब्यावरचा रंगीत त्रिकोण ही आपली गोष्ट मला इथल्यापेक्षा उजवी वाटते. लाल, पिवळा, निळा, हिरवा: अक्षरओळख नसलेल्या माणसालाही विषाची तीव्रता कळते. इथे 'डेंजर', 'वॉर्निंग', 'कॉशन' हे शब्द वाचता आले तरच उपयोग. हातमोजे, लांब बाह्या, बंद बूट घालून अंगणात थोडा वेळ फवारणं सोपं आहे. भर उन्हात पाठीवर पंप घेऊन दिवसभर चालणाऱ्या मजुराकडून तीच अपेक्षा करणाऱ्याने एकदा तो पंप उचलून पाहावा. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, त्याचा सगळा दोष त्यांच्यावर ढकलणं मला मान्य नाही. पण पॅराक्वाटसारखं तणनाशक, ज्याच्या विषावर उतारा नाही, ते इथे प्रमाणपत्र असल्याशिवाय हाती पडत नाही. ही कडकपणाची गोष्ट आपल्याकडे यायलाच हवी.

घरून फोनवर विचारतात, एवढंसं तण, खुरप्याने का काढत नाहीस? वाफ्यातलं हातानेच काढतो. पण काही वेलींची मुळं इतकी खोल जातात की उपटताना राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा फुटवा येतो. तिथे पानांना फक्त ब्रशने औषध लावतो.

आणि कापूसवाल्यांनो, एक सांगतो. टू-फोर-डी मारलेला पंप पाण्याने नुसता विसळून कपाशीत नेऊ नका. नोझलमध्ये, नळीत, गाळणीत राहिलेला अंशही पानं पंज्यासारखी आखडायला पुरतो. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्यावर रंगाचा ठळक पट्टा ओढा, आणि तो शेजाऱ्याला देताना हे सांगूनच द्या.