डबा दिसतो, पंप दिसत नाही

"अंगावर येत नाही वाटतं?"

नौपाड्यातल्या मेडिकलमध्ये मी पावडरच्या दुधाचा डबा घेत होते. मागच्या काकूंनी हे सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं.

येतं, काकू. अजून पुरत नाही. बाळाचं वजन वाढत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनीच सांगितलं: आधी अंगावर पाज, मग वाटी-चमच्याने थोडं वरचं. त्यानंतर मी दूध काढायचा पंप घेऊन बसते. कारण जितकं दूध बाहेर निघतं, तितकं नवं बनतं; बाळाचं पोट वरच्या दुधाने भरलं आणि पंप केला नाही, तर शरीर मागणी कमी झाली असंच धरून चालतं. रात्रीही सुट्टी नाही, दूध बनवणारं हार्मोन, प्रोलॅक्टिन, तेव्हाच जास्त असतं. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा हेच. (आईचे अळिवाचे लाडू चालू आहेतच.)

1992 च्या कायद्याने प्रत्येक डब्यावर 'आईचं दूध सर्वोत्तम' असं छापावंच लागतं. योग्यच आहे ते. दर वेळी डबा उघडताना मी ते वाचते आणि दर वेळी ते मनाला लागतं.

तुमच्या घरी, शेजारी कुणी बाळंतीण असेल, तर दुधाची चौकशी करण्याआधी तिला झोपता यावं म्हणून तासभर बाळाला घ्याल का?