डिपॉझिट गेलं, मतं गेली नाहीत

सोमवार

डिपॉझिट गेलं की उमेदवार संपला, असं आपल्याकडे सरसकट म्हटलं जातं. हे मला पटत नाही. डिपॉझिट वाचवायला वैध मतांच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त मतं लागतात, आणि त्यात ‘नोटा’ची, म्हणजे ‘वरीलपैकी कोणी नाही’ची, मतं धरत नाहीत. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत मतदान दहा लाखांच्या घरात झालं. म्हणजे डिपॉझिट राखायला १ लाख ७० हजारांच्या आसपास मतं हवी होती. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे शुभम शेळके १ लाख १७ हजारांवर थांबले. नियमाप्रमाणे डिपॉझिट गेलं. पण भाजपच्या मंगला अंगडी जिंकल्या त्या काँग्रेसच्या सतीश जारकीहोळींवर अवघ्या ५,२४० मतांनी. समितीची मतं त्या फरकाच्या बावीस पट होती. लोकसभेला आपला माणूस नाहीच, तर कुठल्यातरी मोठ्या पक्षाला मत द्यायचं, ही इथल्या मराठी मतदाराची जुनी सवय. ती त्या एका निवडणुकीत बरीच हलली. ज्याने ती हलवली त्याला ‘पडेल उमेदवार’ म्हणून मोकळं होणं हा अन्याय आहे.

याच बेळगावात १९९६ ला लोकसभेला ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्न दिल्लीपर्यंत पोचावा म्हणून केलेलं ते आंदोलनच होतं, आणि देशभर गाजलंही. त्यानंतर कायदा बदलला. लोकसभेचं डिपॉझिट ५०० वरून १०,००० झालं, विधानसभेचं २५० वरून ५,०००, आणि अपक्षाला दहा सूचक, म्हणजे अर्जावर सही करून त्याचं नाव सुचवणारे मतदार, लागू झाले. आज हे आकडे २५,००० आणि १०,००० आहेत. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मे. २०१९ ला पुन्हा ५७ उमेदवार झाले. एका यंत्रावर सोळा बटणं, नोटा धरून अठ्ठावन्न नावं, म्हणजे प्रत्येक बूथवर चार यंत्रं. लक्ष वेधलं गेलं हे खरं. पण चार यंत्रांसमोर उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाने आपलं मत कुठे शोधायचं? माझ्या मते २०२१ चा एक उमेदवार त्या सगळ्या गर्दीपेक्षा भारी ठरला.

बुधवार

अपक्षाची लढाई प्रचाराच्या आधी, अर्ज भरतानाच अर्धी ठरते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, आपल्या समितीच्या उमेदवारासारख्या अपक्षाला दहा. दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. २००८ च्या पुनर्रचनेत उचगाव आणि बागेवाडी हे जुने मतदारसंघ गेले आणि शहराचे उत्तर-दक्षिण असे दोन भाग झाले. गल्ली ओलांडली की मतदारसंघ बदलतो, हे सूचक गोळा करताना विसरलं जातं. म्हणून प्रत्येक सूचकाचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक चालू यादीतून उतरवून घ्यावा, जुन्या स्लिपेवरून नाही. अर्जाचे चार संच भरता येतात आणि डिपॉझिट एकदाच लागतं. तेव्हा चारही भरावेत, तेही वेगवेगळ्या सूचकांचे. एका संचात खोट निघाली तर दुसरा तारतो. प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा नको. काही नसेल तिथे ‘नाही’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचं. कोरा रकाना राहिला आणि सांगूनही भरला नाही, तर छाननीत अर्ज उडू शकतो. निवडणूक खर्चाचं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं. आणि हरलेल्या माणसानेही निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्यायचाच असतो. तो न दिल्याने तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते, आणि चिकाटीने लढणाऱ्याची पुढची निवडणूक तिथेच जाते.

चिन्हाचं दुखणं त्याहून मोठं आहे. मोठ्या पक्षाचं चिन्ह पाच वर्षं भिंतीवर असतं. अपक्षाला ते माघारीची मुदत संपल्यावर मिळतं. २०२३ च्या विधानसभेला माघारीचा शेवटचा दिवस २४ एप्रिल, मतदान १० मे, प्रचार ८ मेच्या संध्याकाळी बंद. उरले दोन आठवडे. त्यात बेळगाव दक्षिणेत एक चिन्ह, बेळगाव ग्रामीणमध्ये दुसरं, खानापुरात तिसरं. एका मतदारसंघात नांदणाऱ्या लेकीला शेजारच्या मतदारसंघातल्या माहेरचं चिन्ह चालत नाही. नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाला सगळीकडे एकच चिन्ह मागता येतं, पण त्यासाठी राज्यातल्या किमान पाच टक्के जागा लढवाव्या लागतात. कर्नाटकात २२४ जागा, म्हणजे बारा. चार-पाच मतदारसंघांत पसरलेल्या सीमाभागाने बारा कुठून आणायच्या? राज्याच्या एका कोपऱ्यातल्या चळवळीला हा नियम जाचतो, आणि याबद्दल आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही.

शनिवार

फॉर्म २० घेऊन बसलं की भाषणातला अर्धा आवेश उतरतो. बूथवार निकालाचा हा तक्ता निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. दोन निवडणुका शेजारी ठेवायच्या आणि चार रकाने काढायचे: वैध मतं, आपली मतं, पहिला, दुसरा. फसगत होते ती बूथ क्रमांकात. मतदार वाढले की बूथ फुटतो आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. म्हणून जुळवणी शाळेच्या आणि खोलीच्या नावावरून करायची. टपाली मतं शेवटी वेगळी असतात, ती बूथमध्ये मिसळायची नाहीत. मग दिसतं की मतं गावभर सारखी घटत नाहीत, एखाद्याच खोलीत ढासळतात. त्या खोलीत आपला एजंट दिवसभर होता का, हा पहिला प्रश्न. एजंट असेल तरच मतदानाआधीचं मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी, डोळ्यासमोर होतं आणि शेवटी बूथवर किती मतं पडली याच्या नोंदीची, फॉर्म १७-सीची, प्रत हातात पडते. अडीचशे बूथ धरले तर बदली माणसांसकट पाचशे जण लागतात. ते महिनाभरात उभे राहत नाहीत.

खानापूरचा तक्ता सर्वांत बोचतो. २०१८ च्या विधानसभेला काँग्रेसच्या अंजली निंबाळकर ३६ हजारांवर मतं घेऊन निवडून आल्या. समितीच्या नावाने दोघे उभे होते: अरविंद पाटील २६ हजारांवर, विलास बेळगावकर १७ हजारांवर. बेरीज विजयी उमेदवारापेक्षा सात हजारांनी तरी जास्त. २०२३ ला एकच उमेदवार दिला, तरी ती मतं परतली नाहीत. भाजपचे विठ्ठल हलगेकर मोठ्या फरकाने जिंकले आणि समिती शर्यतीतही नव्हती. मतदाराने एकदा दुसरीकडे बटण दाबलं की पुढच्या वेळी त्याचा हात तिकडेच जातो. नुसती एकी जाहीर करून तो परत येत नाही. त्याच वर्षी बेळगाव दक्षिणेत मात्र समितीच्या रमाकांत कोंडुस्कर यांनी ६० हजारांच्या वर मतं घेतली आणि भाजपच्या अभय पाटलांना बारा हजारांच्या फरकापर्यंत आणलं. तिथे डिपॉझिटचा प्रश्नच आला नाही. ही मतं पुढच्या निवडणुकीपर्यंत कोण राखणार, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लोकसभेची ती १ लाख १७ हजार मतं एप्रिल २०२१ मधली. सप्टेंबरमध्ये महापालिका पहिल्यांदा पक्षचिन्हांवर लढली गेली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपने घेतल्या. पाच महिन्यांत एवढं निसटू शकतं.

राखायचं काम यादीपासून सुरू होतं. चंदगडकडून लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या यादीत राहतं. तिच्यासाठी फॉर्म ८, स्थलांतराचा. नवीन नाव घालायला फॉर्म ६, आणि मयतांची किंवा दुबार नावं काढायला फॉर्म ७. आपली नावं कन्नड यादीत आडनावाच्या वेगळ्याच रूपात छापलेली असतात, म्हणून नावाने सापडलं नाही तर गळालं असं समजू नये. घर क्रमांकाने शोधावं, नाहीतर ओळखपत्राच्या क्रमांकाने. अठरा पूर्ण झाली का हे ठरवणाऱ्या पात्रता तारखा आता वर्षाला चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना अर्ज आगाऊ देता येतो. बारावीच्या वर्गातली मुलं परीक्षेनंतर पुण्याला, गोव्याला पांगतात, तेव्हा त्यांचे फॉर्म ६ दिवाळीच्या सुट्टीतच भरून बीएलओकडे, म्हणजे बूथच्या मतदारयादीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यायचे आणि पोच घ्यायची.