आमची वाटचाल: घरातली वीज डोळ्यांना दिसावी म्हणून

आम्ही तिघांनी सुरुवात केली तेव्हा घरांवर सोलर बसवून देणं एवढाच आमचा धंदा होता. पॅनल, इन्व्हर्टर, बॅटरी, अर्थिंग, मीटर, की काम पुरं. निघताना घरातलं कोणीतरी इन्व्हर्टरच्या छोट्या पडद्याकडे बोट दाखवून विचारायचं, "यात बघायचं काय?" बटण दाबत गेलं की एकामागून एक आकडे यायचे. व्होल्ट, अँपिअर, वॉट, तापमान. आम्ही समजावून सांगायचो, समोरची माणसं मान डोलवायची, आणि आठवड्याभरात त्यांचा फोन यायचा: "आत्ता वॉशिंग मशीन लावली तर चालेल का?"

इतक्या घरांतून हाच प्रश्न आला, की मी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. ज्या घराच्या छतावर वीज तयार होते त्या घरातल्या माणसाला एवढं साधं उत्तर मिळू नये, याचं मला मनापासून वाईट वाटायचं. त्यातून आमचं दुसरं काम सुरू झालं: वीज कुठून येते आणि कुठे जाते हे दाखवणारं चित्र, भिंतीवरच्या पडद्यावर. आता तेच आमचं मुख्य काम आहे.

पहिलं चित्र दोन दिवसांत तयार झालं. वर सूर्य, डावीकडे ग्रिड म्हणजे वीज कंपनीची लाइन, खाली बॅटरी, उजवीकडे घर, आणि चौघांमध्ये बाणांच्या रेषा. दिसायला छान होतं. पण पहिल्याच चाचणीत बॅटरी 65 किलोवॉट देते आहे असं दिसलं. कारण सापडायला संध्याकाळ गेली. इन्व्हर्टर मॉडबसवरून (यंत्रांनी एकमेकांना आकडे कळवायची एक ठरलेली पद्धत) जे आकडे देतो ते 16 बिटांच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या छोट्या खणात असतात, आणि उणे आकडा नीट वाचला नाही तर उणे 400 च्या जागी 65136 दिसतो. त्याहून त्रासाची गोष्ट म्हणजे उणे कशाला म्हणायचं हेच प्रत्येक कंपनी वेगळं ठरवते. एकाच्या हिशेबात बॅटरी भरताना आकडा अधिक, दुसऱ्याच्या हिशेबात रिकामी होताना. त्यात मुख्य वायरवर बसवायच्या सीटीवरचा (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे प्रवाह मोजणारं कडं) बाण उलटा लागला, की रात्री बारा वाजता घर ग्रिडला वीज विकताना दिसतं.

तेव्हापासून आमची एक पद्धत ठरली आहे. जोडणी झाली की 2000 वॉटचा गीझर चालू करायचा आणि पडद्यासमोर उभं राहायचं. घराचा आकडा साधारण तेवढाच वाढला पाहिजे, आणि ती वीज ज्या बाजूने आली तिथलाही तेवढाच हलला पाहिजे. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्याशिवाय आमचा माणूस घराबाहेर पडत नाही.

मग एका ग्राहकाने असा प्रश्न विचारला की आम्ही तिघं कित्येक दिवस वाद घालत बसलो. सूर्याकडून 3 किलोवॉट येतात, ग्रिडकडून 1. घर 2.5 वापरतं आणि बॅटरीत 1.5 जातात. तर बॅटरी भरतंय कोण, सूर्य की ग्रिड? वायरला हे विचारून उपयोग नसतो. किरखॉफ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने 1845 मध्ये मांडलेला नियम एवढंच सांगतो की एका सांध्यात जितका प्रवाह येतो तितकाच बाहेर जातो. कोणाचा कोणाकडे गेला ते तो सांगत नाही. बाजारातली बरीच चित्रं मात्र सरळ सूर्यापासून बॅटरीकडे रेष ओढून मोकळी होतात. डीसी बाजूला, म्हणजे वीज घरात वापरायच्या एसीमध्ये बदलण्याआधीच, पॅनल आणि बॅटरी एकत्र जोडलेल्या हायब्रिड इन्व्हर्टरमध्ये त्यात तथ्य असतं. पण बॅटरीला स्वतंत्र इन्व्हर्टर असेल आणि सगळी वीज एसीमध्ये एकत्र होत असेल, तर ती रेष हा निव्वळ आपण मानलेला हिशेब असतो.

शेवटी आम्ही दोन चित्रं वेगळी केली. क्षणाक्षणाच्या चित्रात चारही रेषा मधल्या एका ठिपक्यात मिळतात, आणि जे मोजलं तेवढंच तिथे दिसतं. दिवसभराचं चित्र पट्ट्यांचं आहे, सँकी या इंजिनिअरने 1898 मध्ये वाफेच्या इंजिनातली उष्णता कुठे खर्ची पडते हे दाखवायला काढलं होतं त्या धर्तीवर. तिथे वाटणी करावीच लागते. म्हणून खाली एक वाक्य लिहिलेलं असतं: "सूर्याची वीज आधी घराला, उरलेली बॅटरीला, असं धरून." त्याच चित्रात एक बारीक करडी पट्टी आहे. इन्व्हर्टरमध्ये काही टक्के वीज उष्णता होऊन जाते, बॅटरीत भरून परत काढताना आणखी जाते. एक युनिट भरलं म्हणून एक युनिट परत मिळत नाही. ही पट्टी काढून टाका, ग्राहक उगाच शंका घेतात, असं आम्हाला बऱ्याच जणांनी सुचवलं. ती अजून आहे.

बेरीज न जुळण्याचं दुसरं कारण वेळेचं होतं. इन्व्हर्टरचा आकडा या सेकंदाचा, मीटरचा पाच सेकंदांपूर्वीचा, आणि मधल्या काळात सूर्यावर ढग आलेला. घराचा वापर बहुतेक ठिकाणी थेट मोजत नाहीत, बाकीच्या आकड्यांवरून काढतात. त्यामुळे अशा वेळी घराचा वापर उणे 300 वॉट निघायचा. तो शून्य करून झाकणं सोपं होतं. आम्ही सगळे आकडे एकाच क्षणी वाचायला लागलो, तेव्हा तो प्रकार जवळजवळ थांबला.

रेषांवरून वीज वाहताना दाखवणाऱ्या हलत्या ठिपक्यांवर मी स्वतः सर्वांत जास्त वेळ घालवला. आधी वीज जास्त तसा ठिपक्यांचा वेग जास्त ठेवला होता. 5 किलोवॉटला ठिपके इतके धावायचे की बघवत नसे, आणि 100 वॉटला ते थांबल्यासारखे वाटायचे. आता वेग कायम असतो, तो फक्त दिशा दाखवतो. किती ते रेषेच्या जाडीवरून कळतं. बॅटरी शांत असतानाही आकडा शून्याच्या आसपास थरथरतो, त्यामुळे बाण सारखा उलटसुलट व्हायचा. म्हणून 40 वॉट ओलांडल्याशिवाय रेष चालू होत नाही आणि 20 च्या खाली गेल्याशिवाय बंद होत नाही. ग्रिडची रेष आधी लाल होती. लाल दिसलं की काहीतरी बिघडलं असं माणसाला वाटतं, आणि ग्रिडची वीज घेण्यात बिघाड काहीच नाही. शिवाय लाल-हिरवा फरक अनेकांना दिसत नाही. ती रेष आता निळी आहे, आणि प्रत्येक रंगासोबत शब्द असतोच.

हे सगळं करूनही आमच्या हातून एक मोठी चूक झाली. एका घरी आजोबांच्या उशाशी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेवरचं यंत्र होतं. दुपारी इन्व्हर्टरपासून त्याचे आकडे वाचणाऱ्या आमच्या डब्यापर्यंतची केबल सैल झाली. नवे आकडे येईनात, आणि पडदा शेवटचे आकडे तसेच दाखवत राहिला: सूर्य 2.8 किलोवॉट, बॅटरी 94 टक्के. रात्र झाली, घरातल्यांनी 94 बघितलं आणि निर्धास्तपणे सगळं चालू ठेवलं. लाइट गेली तेव्हा बॅटरीत जेमतेम थोडी वीज उरली होती. त्यांच्याकडे ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर होता म्हणून निभावलं. सकाळी मी त्या घरी गेलो तेव्हा रागावलं कोणीच नाही. आजोबांची सून पडद्यासमोर उभी होती. ती एवढंच म्हणाली, "रात्री सूर्य दिसत होता हो यात, माझ्याच लक्षात यायला हवं होतं." ते ओळखणं तिचं काम नव्हतं, आमच्या पडद्याचं काम होतं, हे मी तिला तिथेच सांगितलं.

पुढचे दोन महिने नवी ऑर्डर घेतली नाही. प्रत्येक आकड्याला वय दिलं. 30 सेकंद नवा आकडा आला नाही तर जुना फिका होतो. 2 मिनिटांनी तो पुसला जाऊन तिथे आडवी रेघ येते, आणि किती वेळ माहिती आलेली नाही ते लिहून येतं. शून्य आणि आडवी रेघ यांच्यात गल्लत होऊ नये म्हणून दोन्ही वेगळ्या आकारात ठेवल्या. आधी बसवलेल्या प्रत्येक घरी जाऊन हा बदल करून आलो.

बॅटरीच्या टक्क्यांकडेही तेव्हाच नीट पाहिलं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा व्होल्टेज मधल्या बऱ्याच टप्प्यात जवळपास सपाट असतो, त्यामुळे किती वीज आत गेली आणि किती बाहेर आली हे मोजत टक्के ठरवावे लागतात. ही मोजणी हळूहळू चुकत जाते आणि बॅटरी पूर्ण भरली किंवा रिकामी होत आली की पुन्हा जुळते. म्हणूनच कधी 18 टक्क्यांवरून आकडा एकदम 9 वर येतो. आम्ही आता टक्के लहान अक्षरांत आणि बॅटरी आणखी किती तास पुरेल ते मोठ्या अक्षरांत दाखवतो. तेही मागच्या 15 मिनिटांच्या सरासरीवर आणि अर्ध्या तासाच्या टप्प्याने, नाहीतर 5 युनिटं शिल्लक असताना 500 वॉटवर 10 तास दिसतात आणि कोणी इस्त्री लावली की एकदम सव्वातीन. लाइट जाईल तेव्हासाठी राखलेला भाग खाली तिरप्या रेघांनी वेगळा असतो.

वॉशिंग मशीनच्या प्रश्नाला पडद्याच्या तळाशी एक ओळ आहे: "सूर्याचे 1.6 किलोवॉट शिल्लक आहेत." सगळ्यांत जास्त वाचली जाते ती हीच, असं घरोघरी सांगतात.

सध्या आम्ही आजोबांच्या खोलीसाठी एक छोटा पडदा तयार करतो आहोत, रात्री उजेड न पाडणारा, ई-पेपरचा, म्हणजे कागदावरच्या शाईसारखा दिसणारा. त्यावर फक्त उरलेले तास. पण ई-पेपरची वीज पूर्ण तुटली तरी शेवटचं चित्र तसंच राहतं, तिथे आडवी रेघ उमटवायलाही वीज उरत नाही. म्हणून त्यावर तासांइतक्याच मोठ्या अक्षरांत नोंदीची वेळ ठेवली आहे, आणि शेजारी काट्यांचं घड्याळ टांगणार आहोत. परवा नमुना घेऊन गेलो. आजोबांनी चष्मा न लावता पलंगावरून वाचून दाखवलं: "साडेसहा तास. नऊ चाळीसची नोंद." मग त्यांनी भिंतीवर घड्याळाची जागा बोटाने दाखवली, थोडी डावीकडे, म्हणजे कुशीवर झोपूनही दिसेल.