तुम्ही विचारलंत म्हणून: नाट्यसंस्था तिकिटांवर का चालत नाही?

जिल्ह्याच्या गावातल्या एका छोट्या प्रायोगिक नाट्यसंस्थेचा मी खजिनदार आहे आणि त्या नात्याने एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: "नाटके चांगली असतील तर संस्था तिकिटांवर चालायला हवी, दरवर्षी झोळी घेऊन कशाला फिरता?" प्रश्न वाजवी आहे आणि तो विचारणाऱ्यांत आमचे देणगीदारही असतात, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

नाटक उभे राहायला दोन-तीन महिने तालीम लागते. त्या काळात एकही तिकीट विकले जात नाही. जागेचे भाडे, वीज आणि चहा मात्र चालूच असतात. नंतर शंभरेक खुर्च्यांच्या सभागृहात चार-पाच प्रयोग होतात. कलाकार मानधन घेत नाहीत, तरीही प्रकाशयोजनेचे भाडे, नेपथ्य आणि टेम्पो एवढे भागले की तिकिटांचे पैसे संपतात, मग प्रयोग हाउसफुल्ल गेलेला असो वा नसो. विल्यम बोमॉल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्येच हे दुखणे नेमके सांगितले होते: कारखान्यात यंत्रे आली की तेच काम कमी माणसांत होते, पण चौघांनी वाजवायच्या संगीतरचनेला आजही चौघेच लागतात आणि वेळही तेवढाच लागतो, म्हणून कलेचा खर्च तसा कमी होत नाही.

मग हा आतबट्ट्याचा व्यवहार करायचा कशासाठी? 'घाशीराम कोतवाल'चे उदाहरण घ्या. रंगमंचावर माणसांचीच भिंत उभी करणारे हे नाटक १९७२ मध्ये पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या हौशी संस्थेने केले. एवढ्या मोठ्या संचाची 'नाइट' (म्हणजे कलाकारांचे दर प्रयोगाचे मानधन) मोजून कोणी व्यावसायिक निर्माता तेव्हा त्यात पडला असता, असे मला वाटत नाही. पुढे वाद झाला, प्रयोग थांबले, कलाकार बाहेर पडले आणि त्यांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली. १९८० मध्ये हेच नाटक युरोपच्या दौऱ्यावर गेले. (संस्था फुटणे हीसुद्धा मराठी नाट्यसंस्थांची एक परंपराच आहे.) मुंबईत 'आविष्कार' या प्रायोगिक नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह घेतले आणि तिथे इतर संस्थांचेही प्रयोग होऊ लागले, 'छबिलदास चळवळ' म्हणतात ती यातूनच उभी राहिली. एखादे नाटक फसले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तालीम करता येईल, अशी जागा कोणीतरी राखावी लागते. बाजार ती राखत नाही, कारण फसण्याचा खर्च त्याला परवडत नाही. आमच्यासारख्या संस्थांचे काम एवढेच, आणि ते मला पुरेसे मोठे वाटते.

खरी अडचण पैसा अजिबात मिळत नाही ही नसून तो कशासाठी मिळतो ही आहे. महोत्सव म्हटला की प्रायोजक भेटतात, कारण मंचामागच्या फलकावर नाव झळकते. झाडलोट करणाऱ्या मावशींचा पगार, लेखापरीक्षकाची फी किंवा मीटरचे बिल यांना फलक नसतो. कंपनी कायद्यानुसार कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) निधी कला आणि संस्कृतीसाठी वापरता येतो, पण अर्जात 'लाभार्थी किती?' हा रकाना असतो. साठ प्रेक्षकांनी पाहिलेल्या आणि बहुधा निम्म्यांना न आवडलेल्या नाटकाचे लाभार्थी मोजायचे तरी कसे? त्यात कागदांचा भार वेगळाच: विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, दरवर्षी लेखापरीक्षण आणि देणगीदारांना आयकरात सवलत मिळवून देणाऱ्या, '८०-जी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मान्यतेचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण. हे नियम असावेत याबद्दल माझी तक्रार नाही, कारण लोकांच्या पैशाचा हिशेब चोख हवाच. मात्र रुग्णालय चालवणाऱ्या मोठ्या न्यासाला जे कागद लागतात, जवळपास तेच आम्हालाही लागतात आणि त्यासाठी आमच्याकडे ना कार्यालय असते ना कारकून.

तिकीट वाढवावे, असेही सुचवले जाते. वाढवता येईल, पण आमच्या पहिल्या रांगांत महाविद्यालयातली मुले बसतात आणि पुढच्या नाटकातले नट त्यांच्यातूनच येतात. ती मुले गेली तर वाढीव दराने भरलेले सभागृह आमच्या काय कामाचे?

तेव्हा झोळी फिरत राहणार. तुम्ही पावती फाडलीत तर एक विनंती आहे: कारणाच्या रकान्यात 'महोत्सवासाठी' असे न लिहिता 'सर्वसाधारण निधी' असे लिहायला सांगा. महोत्सवाची म्हणून दिलेली रक्कम मला महोत्सवावरच खर्च करावी लागते. सर्वसाधारण निधीतून मात्र पावसाळ्यातल्या रिकाम्या महिन्यांचे भाडे भरता येते.