प्रागमध्ये मुलीचं नाव मीरा ठेवायचं असेल तर

प्राग आणि ब्र्नोमधल्या मराठी घरांत बाळाची चाहूल लागली की नावाच्या दोन अटी ठरलेल्या असतात. गावाकडच्या आजीला ते सहज उच्चारता आलं पाहिजे आणि इथल्या बालवाडीतल्या बाईंनाही. ज्ञानदा, ऋचा, वैष्णवी ही नावं या दुसऱ्या अटीपाशीच अडतात. मग छोट्या नावांचा शोध सुरू होतो आणि गाडी बऱ्याचदा मीरापाशी येऊन थांबते. नाव आपलंही आहे आणि चेक कानालाही परकं नाही. निवड चांगलीच आहे, पण हे नाव इथे कुठून कुठून आलं आणि कागदावर ते कसं लिहायचं, हे आधी समजून घेतलेलं बरं.

नेटवरच्या नावांच्या याद्या 'मीरा: शांती, प्रकाश, समुद्र, अद्भुत, राजकन्या' असं एका ओळीत लिहून मोकळ्या होतात. हे वाचून वाटतं की एकाच नावाचे इतके अर्थ आहेत. तसं नाही. ही वेगवेगळ्या भाषांत स्वतंत्रपणे जन्मलेली नावं आहेत. झिजून, आखडून ती शेवटी सारखी दिसायला लागली. तेव्हा 'मीराचा अर्थ काय' असं विचारण्याआधी 'कुठली मीरा' हे विचारायला हवं.

चेक, पोलिश, रशियन या स्लाव्ह भाषांतल्या मीरापासून सुरुवात करू. प्रागच्या मेट्रोच्या 'ए' मार्गावर नामेस्ती मीरू नावाचं स्थानक आहे. १९७८ साली सुरू झालेलं हे स्थानक जमिनीखाली ५३ मीटरवर आहे आणि तिथला ८७ मीटर लांबीचा सरकता जिना प्रसिद्ध आहे. नामेस्ती म्हणजे चौक आणि मीर म्हणजे शांतता, म्हणून शांतीचौक. या 'मीर'ची व्याप्ती सगळ्या स्लाव्ह भाषांत सारखी नाही. रशियन भाषेत मीर म्हणजे शांतताही आणि जगही. १९१८ च्या लेखनसुधारणेपर्यंत रशियन माणूस हे दोन शब्द वेगवेगळ्या 'इ'ने लिहीत असे. सुधारणेत एक 'इ' गेली आणि दोन्ही शब्द कागदावर एक झाले. जुन्या रशियन खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या पंचायतीलाही मीरच म्हणत. १९८६ ते २००१ पृथ्वीभोवती फिरत राहिलेल्या अवकाशस्थानकाचं नावही तेच. चेकमध्ये जगाला 'स्व्येत' म्हणतात आणि मीर फक्त शांततेपुरता उरला आहे. पण विश्वासाठी जो 'वेस्मीर' शब्द आहे, त्यात 'अवघं जग' हा जुना अर्थ अजून टिकून आहे.

मिरोस्लाव, मिरोस्लावा, यारोमीर, लुबोमीर, कझिमीर अशा लांब नावांना छोटं करताना मिरा, मिरेक, मिर्का ही रूपं आली. स्लाव्ह नावं आपल्या सामासिक नावांसारखीच दोन शब्दांची बनतात. मिरोस्लावमध्ये मीर आणि स्लावा, म्हणजे शांतता आणि कीर्ती. मात्र 'व्लादिमीर म्हणजे जगाचा स्वामी' हे जे सर्रास सांगितलं जातं, ते मुळाशी जाऊन पाहिलं तर टिकत नाही. या नावाचं जुनं रूप 'व्लादिमेर' असं होतं आणि त्यातल्या 'मेर'चा संबंध जर्मानिक भाषांतल्या 'थोर, नामवंत' या अर्थाच्या शब्दाशी आहे. जर्मन वाल्डेमार हे त्याचंच भावंड. पुढे लोकांना 'मेर' कळेनासा झाला आणि ओळखीचा 'मीर' तिथे बसला. म्हणजे स्लाव्ह मीराच्या पोटातही दोन मुळं आहेत. 'मीर'चं नातं संस्कृत 'मित्र'शी जोडणारे भाषाशास्त्रज्ञही आहेत. त्यावर एकमत नाही, म्हणून बारशाच्या पत्रिकेत ते छापू नये.

आता चेक भाषेतली खरी अडचण. 'मीरा', म्हणजे दीर्घ ई असलेलं रूप, इथे पुरुषाचं घरगुती नाव आहे. मिरोस्लावकाकाला घरात मीरा म्हणतात. शिवाय 'मीरा' हा माप या अर्थाचा रोजचा शब्द आहे. शिंपी मीरा घेतो, वर्तमानपत्रात महागाईच्या दराला मीरा म्हणतात. चेक लिपीत ही दीर्घ ई दाखवायला आय या अक्षरावर एक तिरकी रेघ देतात, तिला चार्का म्हणतात. मराठी आईबाप उच्चार नेमका यावा म्हणून हौसेने ती रेघ देऊ पाहतात आणि तिथेच फसतात: मुलीच्या नावाऐवजी मुलग्याचं लाडकं नाव कागदावर उतरतं. मुलीसाठी इथे वापरात असलेलं रूप बिनरेघेचं, ऱ्हस्व उच्चाराचं 'मिरा' आहे. घरी आपण मीरा म्हणावं, बाहेर मिरा ऐकून घ्यावं. पहिल्या अक्षरावर जोर येत असल्यामुळे फरक फारसा बोचत नाही.

आणि भारतात सर्रास लिहितात तसं एम-डबल ई-आर-ए हे स्पेलिंग इथे टाळाच. चेक माणूस ते 'मे-एरा' वाचतो. शेजारच्या जर्मनीत गेलात तर तेच 'मेरा' होतं, कारण जर्मनमध्ये डबल ई म्हणजे दीर्घ ए. एम-आय-आर-ए हे चार अक्षरी स्पेलिंग चेक, पोलिश, जर्मन, क्रोएशियन सगळीकडे व्यवस्थित वाचलं जातं.

चेकमध्ये विशेषनामांनाही विभक्ती लागते, याची तयारी ठेवा. बालवाडीत कपड्यांच्या खुंटीवर 'मिरा' लिहिलेलं असतं. वाढदिवसाच्या पाकिटावर 'मिर्झे' येतं, म्हणजे मिराला. यातला र चेकचा तो प्रसिद्ध अवघड र आहे, र आणि झ एकत्र फुटल्यासारखा. 'मिराची आई' म्हणताना 'मिरी', 'मिराला पाहिलं' म्हणताना 'मिरू', 'मिराबरोबर' म्हणताना 'मिरोउ'. हाक मारताना 'मिरो!' होतं. गंमत अशी की पुरुष मीराची हाकही 'मीरो!' अशीच असते, त्यामुळे मैदानात दोघं असले तर दोघंही वळून बघतात. स्लोव्हाक मुलांना तर 'मिरो' हे सरळ मुलग्याचंच नाव वाटतं, कारण स्लोव्हाकमध्ये मिरोस्लावचं छोटं रूप मिरो आहे. पोरीला आपलं नाव बदलल्यासारखं वाटू नये म्हणून हे तिला लहानपणीच समजावून सांगावं. जुन्या मराठीतही 'सीतेला, रमेला' असं होतंच की. आजीच्या तोंडून ऐकलेली मुलं हे पटकन पकडतात.

हिब्रू मीराची गोष्ट पूर्णपणे निराळी. ती निघते मिर्याममधून. बायबलमधली मिर्याम ही मोशे आणि अहरोन यांची बहीण. तिच्या नावाची व्युत्पत्ती विद्वानांनी शतकानुशतकं चघळली आहे. कुणी कडूपणाशी जोडतं, कुणी बंडाशी, तर कुणी 'प्रिय' या अर्थाच्या प्राचीन इजिप्शियन धातूशी. कुटुंब इजिप्तमध्ये राहत होतं हे लक्षात घेतलं तर शेवटचं मला सगळ्यांत पटणारं वाटतं. ग्रीकमध्ये जाताना मिर्यामचं मारियाम आणि मग मारिया झालं. मराठी बायबल उघडलं तर जुन्या करारात 'मिर्याम' आणि नव्या करारात 'मरीया' दिसते. नाव मूळचं एकच. पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत यिद्दिश बोलीत मिर्यामचं मिरेल, मिरेले आणि मिरा झालं.

हिब्रूत आणखी एक जवळचं नाव आहे, मेइरा. ते 'ओर' म्हणजे प्रकाश या शब्दापासून आलेलं, अर्थ उजळवणारी. पुरुषी रूप मेइर. गोल्डा मेइर यांनी १९५६ साली घेतलेलं आडनाव हेच. याद्यांमध्ये मिरा आणि मेइरा सरमिसळ करून टाकतात, पण हिब्रू लिहिताना फरक स्वच्छ दिसतो: मेइरामध्ये मेम या अक्षरानंतर आलेफ हे अक्षर येतं, मिरामध्ये येत नाही.

इस्राएलमध्ये राहणाऱ्या मराठी लोकांनी इथे एक काळजी घ्यावी. हिब्रूत स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे मीरा लिहिताना मधलं 'योद' गाळायचा मोह होतो. मेम, योद, रेश आणि 'हे' नावाचं अक्षर, अशी चारही अक्षरं लिहा. योद गेलं की तीच अक्षरं 'मारा' वाचली जातात आणि त्याचा अर्थ 'कडू'. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात मिर्याम डफ घेऊन गाते आणि लगेच पुढे लोक 'मारा' या जागी पोचतात, जिथलं पाणी कडू असतं.

बाल्कन देशांत आणि पोलंडमध्ये ही दोन्ही घराणी एकमेकांत मिसळली. सर्बियात किंवा क्रोएशियात भेटलेली मिरा ही मिरोस्लावा असू शकते, म्हणजे स्लाव्ह, किंवा मिर्याना असू शकते, म्हणजे मूळची मिर्याम. नुसत्या नावावरून सांगता येत नाही, पूर्ण नावच विचारावं लागतं. वॉर्सा घेट्टोच्या उठावात लढलेली मिरा फुख्रेर ही ज्यू तरुणी मे १९४३ मध्ये ज्या तळघरात मरण पावली, त्याचा पत्ता मिवा रस्ता, क्रमांक १८. पोलिशमध्ये 'मिवा' म्हणजे प्रेमळ, लाडकी. त्या शहरात दोन्ही भाषा किती जवळजवळ नांदत होत्या, हे या एका पत्त्यावरून कळतं. म्हणूनच प्रागमध्ये कुणा वयस्कर मिराला 'म्हणजे शांती ना?' असं सहज विचारू नये. तिच्या नावामागे वारलेली पणजीही असू शकते. मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंमध्ये दिवंगत नातलगाचं नाव बाळाला द्यायची रीत आहे.

रशियन भाषेत दोन 'र' असलेली मिर्रा वेगळीच. ती येते त्या सुगंधी डिंकापासून, ज्याला आपण हिराबोळ म्हणतो. पाँडिचेरीच्या श्रीमाताजींचं जन्मनावही मिर्रा अल्फासा. जन्म पॅरिस, १८७८, वडील तुर्कस्तानातले ज्यू, आई इजिप्तमधली. लॅटिन मिरा म्हणजे अद्भुत. तिमिंगल तारकासमूहातला जो तारा सुमारे ३३२ दिवसांच्या चक्रात डोळ्यांना दिसेनासा होतो आणि परत उजळतो, त्याला १६६२ साली खगोलशास्त्रज्ञ हेवेलियसने मिरा म्हटलं. अल्बेनियनमध्ये मिरा म्हणजे चांगली. स्पॅनिशमध्ये 'मिरा!' म्हणजे 'बघ!', स्पेनला सुट्टीला गेलात तर पोरगी दर मिनिटाला मान वळवणार.

आपल्या मीराचं मूळही म्हणावं तितकं सोपं नाही. संस्कृत कोशांत 'मीर' म्हणजे समुद्र असा अर्थ मिळतो. काही अभ्यासक संत मीराबाईंच्या नावात फारसी 'मीर', म्हणजे सरदार, हा शब्द पाहतात. तरी मराठी घरात हे नाव ठेवताना कोश कुणी उघडत नाही, मीराबाई आठवतात. मॅडलिन स्लेड यांना गांधीजींनी मीराबेन केलं तेही त्याच आठवणीने, आणि वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, त्या गांधीजींच्याही आधी राहायला गेल्या होत्या. हाच अर्थ चेक शेजाऱ्यांना अभिमानाने सांगावा. त्यांना 'शांती' आवडते म्हणून आपली कृष्णभक्त मीरा झाकून ठेवायची गरज नाही.

आता कागदपत्रं. बाळाच्या नावाची नोंद 'मात्रिका' या कार्यालयात होते. नावाचा अर्ज बहुधा प्रसूतिगृहातच भरून घेतात, म्हणून दवाखान्याची पिशवी भरतानाच स्पेलिंग ठरवून कागदावर लिहून ठेवा. बाळंतपणानंतर थकलेल्या अवस्थेत तिरक्या रेघेचा विचार होत नाही. नावांविषयीचा कायदा २००० सालचा, क्रमांक ३०१. त्यानुसार लाडकी, आखूड किंवा मोडतोड केलेली रूपं अधिकृत नाव म्हणून नोंदवता येत नाहीत, आणि मुलीला पुरुषी नाव देता येत नाही. दोन नावं चालतात. त्यामुळे नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही आपली पद्धत जशीच्या तशी भरायला गेलात तर दुसऱ्या जागी पुरुषाचं नाव येतं आणि खिडकीवर प्रश्न उभा राहतो. मूल भारतीय नागरिक असणार असलं तरी हे आपोआप मान्य होईल असं धरून चालू नका, प्रसूतीच्या आधी मात्रिकात जाऊन विचारून या. आडनावाला '-ओवा' लावायची सक्ती २०२२ पासून चेक नागरिक स्त्रियांनाही नाही. शाळेत तोंडी मात्र 'कुलकर्णिओवा' ऐकू येईलच. कागदावर मूळ आडनाव आहे ना, एवढं बघा.

ज्यांना इथला 'रोद्ने चीस्लो' हा जन्मक्रमांक मिळतो, त्यांनी त्यातला महिना तपासावा. मुलींच्या क्रमांकात महिन्यात ५० मिळवलेले असतात. ७ मार्च २०२४ ला जन्मलेल्या मुलीचा क्रमांक २४५३०७ ने सुरू होतो. २४०३०७ दिसलं तर नावावरून कुणीतरी तिला मुलगा समजलं आहे. तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

भारतीय नागरिकत्वासाठी जन्माची नोंद भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत करावी लागते. तिथेही जन्मदाखल्यावरचंच स्पेलिंग, अक्षर न अक्षर तसंच द्या. भारतातल्या नातलगांच्या आग्रहाखातर पासपोर्टवर डबल ई केलंत तर दोन देशांच्या कागदांवर दोन मुली तयार होतात आणि पुढे प्रत्येक व्हिसाला, प्रत्येक शाळाप्रवेशाला प्रतिज्ञापत्र जोडत बसावं लागतं.

एक शेवटची बाब राहिली. चेक दिनदर्शिकेत जवळपास प्रत्येक तारखेला एक नाव छापलेलं असतं आणि त्या दिवशी त्या नावाच्या माणसाला फुलं, चॉकलेट देतात. मिरा तिथे स्वतंत्रपणे छापलेली नाही. 'तुझा स्वातेक, म्हणजे नावाचा दिवस, कधी?' हा प्रश्न मात्र वर्गात येणारच. बहुतेक घरांना ६ मार्च सोयीचा पडतो, त्या दिवशी मिरोस्लाव असतो. तारीख घरात ठरवून बालवाडीच्या बाईंना वर्षाच्या सुरुवातीलाच कळवून टाका.